अपहाराला दंड, बँकेला लगाम : १८६०च्या दोन कायद्यांचा वारसा

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी देशभर अमलात आली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू असलेली भारतीय दंड संहिता निरसित झाली. फौजदारी कायद्यातील या बदलाची सर्वत्र चर्चा झाली. मात्र ज्या १८६० साली जुनी दंड संहिता संमत झाली, त्याच वर्षी गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने आणखी एक लहानसा कायदा केला होता, याची आठवण फारशी कोणाला नसते. त्या वर्षीच्या कायदा क्रमांक ७ अन्वये मर्यादित दायित्वाच्या तत्त्वावर बँका स्थापन करण्यास परवानगी मिळाली. दंड संहितेचा क्रमांक होता ४५.

दुसऱ्याच्या विश्वासाने सोपविलेला पैसा खाणाऱ्याला कोणती शिक्षा द्यावी, हे एका कायद्याने ठरविले. दुसऱ्याचा पैसा स्वीकारणारी संस्था कशी उभी राहावी आणि ती बुडाल्यास तोटा कोणी सोसावा, हे दुसऱ्याने ठरविले. पहिला कायदा अपराधाकडे पाहतो, दुसरा संस्थेच्या रचनेकडे. यांपैकी एक कितीही कडक असला तरी तो दुसऱ्याची उणीव भरून काढू शकत नाही, हे पुढील आठ वर्षांतच मुंबईने मोठी किंमत मोजून अनुभवले. बँकेत ठेव ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने तो अनुभव आजही महत्त्वाचा आहे.

एक राज्य, अनेक दंडविधाने

दंड संहिता येण्यापूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्ह्यांसाठी एकच कायदा नव्हता. बंगाल इलाख्यात कंपनी सरकारने विनियमांद्वारे बदललेला मुस्लिम फौजदारी कायदा चालत असे. मुंबई इलाख्यात गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत तयार झालेले १८२७चे विनियम लागू होते आणि त्यांतील चौदावा विनियम गुन्हे व शिक्षांसंबंधी होता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत मात्र तेथील सुप्रीम कोर्टे इंग्लंडचा फौजदारी कायदा लावीत. त्यामुळे एकाच कृत्याचा न्याय ते कोठे घडले आणि कोणत्या न्यायालयापुढे आले यावर अवलंबून असे.

ही विसंगती दूर करण्यासाठी १८३३च्या सनदी कायद्याने विधी आयोगाची तरतूद केली. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. त्यानंतर जवळजवळ दोन तपे तो मसुदा टीका, अभिप्राय आणि दुरुस्त्या यांत अडकून राहिला. १८५७च्या उठावानंतर कंपनीची सत्ता जाऊन १८५८ मध्ये कारभार थेट ब्रिटिश राजसत्तेकडे आला आणि या कामाला गती मिळाली. कायदेमंडळाचे सदस्य सर बार्न्स पीकॉक यांनी मसुद्यावर अखेरचा हात फिरविला आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी ५११ कलमांची संहिता संमत झाली. पाठोपाठ १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ मध्ये पुरावा अधिनियम आला.

लबाडी आणि चुकीचा निर्णय

संहितेच्या सतराव्या प्रकरणात मालमत्तेविषयीचे गुन्हे होते. चोरीत वस्तू मालकाच्या संमतीवाचून उचलली जाते. परंतु पैसा मालकानेच आपल्या हाताने सोपविला आणि घेणाऱ्याने नंतर तो गिळंकृत केला, तर काय करावे? या प्रश्नाचे उत्तर कलम ४०५ मध्ये होते. विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणे किंवा ती स्वतःच्या उपयोगासाठी वळविणे, याला फौजदारीपात्र न्यासभंग म्हटले गेले. सर्वसामान्य माणसाने हा अपराध केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा अडत्या यांनी तो केल्यास कलम ४०९ अन्वये जन्मभर काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास, शिवाय द्रव्यदंड, अशी कितीतरी जबर शिक्षा होती. ज्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून समाजाला गत्यंतर नाही, त्याचा विश्वासघात अधिक गंभीर, असा त्यामागील विचार होता.

या व्याख्येची सीमा स्पष्ट करण्यासाठी संहितेने दिलेली दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. दिल्लीतील एक गृहस्थ कलकत्त्यातील आपल्या मुखत्याराकडे एक लाख रुपये पाठवितो आणि ते कंपनी सरकारच्या कर्जरोख्यांत गुंतविण्यास सांगतो. मुखत्यार लबाडीने ती रक्कम स्वतःच्या धंद्यात घालतो. हा न्यासभंगाचा गुन्हा होय. आता समजा, बँक ऑफ बेंगालचे शेअर घेणे मालकाच्या अधिक हिताचे ठरेल, असे मुखत्याराला प्रामाणिकपणे वाटले आणि आज्ञा मोडून त्याने ते शेअर मालकासाठी खरेदी केले. पुढे तोटा झाला, तर मालक दिवाणी दावा लावू शकेल. पण हेतू अप्रामाणिक नसल्याने गुन्हा मात्र घडत नाही.

फौजदारी कायद्याची शक्ती आणि मर्यादा या दोन उदाहरणांत सामावलेली आहे. लबाडी सिद्ध झाली तर तो कठोर होतो. चुकीचा अंदाज, अति धाडस, हलगर्जीपणा यांपुढे तो सहसा थांबतो. पैसा मात्र दोन्ही प्रकारांत सारखाच बुडतो. बँक ऑफ बेंगाल १९२१ मध्ये विलीन झाली, तरी तिचे नाव दंड संहितेतील या उदाहरणात २०२४ पर्यंत तसेच राहिले.

कायद्याने जन्मलेल्या बँका

अशा चुकांना आवर घालण्याचे काम बँकेच्या स्थापनेच्या कायद्याचे होते. कलकत्त्यात १८०६ मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ कलकत्ताला १८०९ मध्ये सनद मिळाली आणि तिचे नाव बँक ऑफ बेंगाल झाले. १८४०च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३च्या कायद्याने बँक ऑफ मद्रास स्थापन झाली. या तीन इलाखा बँकांत सरकार स्वतः भागधारक होते आणि संचालक मंडळांवर सरकारनियुक्त सदस्य असत. बँक ऑफ बॉम्बेचे मूळ भागभांडवल ५२ लाख २५ हजार रुपयांचे होते.

या बँकांना चलनी नोटा काढण्याचा अधिकार होता. नोटांवरचा लोकांचा विश्वास ढळू नये म्हणून कायद्याने त्यांच्या हातपायांत बंधनेही घातली होती. कर्ज किती मुदतीचे असावे, कोणत्या तारणावर द्यावे, कोणते व्यवहार मुळीच करू नयेत, हे सनदेतच लिहिलेले असे.

इतर बँकांची स्थिती वेगळी होती. १८५७च्या कंपनीविषयक कायद्याने व्यापारी कंपन्यांना मर्यादित दायित्वाची सवलत दिली, पण बँकांना तिच्यातून वगळले. दायित्व अमर्याद असेल तर बँक बुडाल्यावर भागधारकाचे घरदारही देणेकऱ्यांच्या दाव्यात जाऊ शकते. मर्यादित असेल तर त्याचा तोटा घेतलेल्या शेअरांच्या रकमेपुरताच राहतो. १८६०च्या कायदा क्रमांक ७ ने ही सवलत बँकांनाही दिली. त्यामुळे भांडवल उभारणे सोपे झाले. मात्र ती सवलत देताना जोखमीचा काही भाग भागधारकांच्या खांद्यावरून उतरून ठेवीदारांच्या आणि इतर देणेकऱ्यांच्या खांद्यावर गेला.

कापसाची तेजी आणि सैल झालेला लगाम

याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाला अपूर्व भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. दुसरी गोष्ट म्हणजे १८६१च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. १ मार्च १८६२ पासून इलाखा बँकांचा तो अधिकार संपला.

नोटाच काढावयाच्या नाहीत, तर नोटांसाठी घातलेली जुनी बंधने हवीत कशाला, असा युक्तिवाद पुढे आला. १८६३च्या कायदा क्रमांक १० ने बँक ऑफ बॉम्बेचा १८४०चा कायदा रद्द करून तिच्या व्यवहारांची कक्षा बरीच रुंदावली. कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. भागभांडवल वाढवून २ कोटी ९ लाख रुपयांपर्यंत नेण्यात आले. जेव्हा लगाम घट्ट धरण्याची गरज होती, नेमका तेव्हाच तो सैल सोडला गेला.

कापसातून आलेला पैसा गुंतविण्यासाठी मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. शेअर तारण ठेवून कर्ज काढावे, त्या कर्जातून नवे शेअर घ्यावेत, भाव वाढला की तेच पुन्हा तारण ठेवावेत, असे चक्र सुरू झाले. कापूस आणि शेअर बाजारातील तेव्हाचे सर्वांत बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावर मोठा प्रभाव होता. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला असून त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले आहे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांची पूर्तता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी अनेकांना देणी भागविता आली नाहीत. तारण म्हणून बँकेत पडलेल्या शेअरांना कागदाची किंमत आली. बँक ऑफ बॉम्बेचे जवळजवळ सर्व भांडवल नष्ट झाले आणि १८६८च्या प्रारंभी तिचे अवसायन सुरू झाले. तिच्या जागी त्याच वर्षी नवी बँक उभी करण्यात आली.

दंड संहिता त्या वेळी अमलात होतीच. बँकरच्या न्यासभंगाला जन्मभर काळे पाणी देणारे कलम ४०९ ही होते. तरीही बँक वाचली नाही.

चौकशी आयोगाचा निष्कर्ष

सरकार स्वतः भागधारक असलेली बँक बुडाल्याने चौकशी अटळ होती. १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने दाखविलेल्या कारणांत पहिला क्रमांक एखाद्या व्यक्तीचा नव्हता, तर कायद्याचा होता. १८४०चा कायदा रद्द करून १८६३चा कायदा आणल्यामुळे बँकेला असुरक्षित व्यवहार करण्याची मुभा मिळाली, असे आयोगाने नमूद केले. त्यानंतर आयोगाने त्या मुभेचा सचिवांनी केलेला दुरुपयोग, संचालकांची हलगर्जी व अकार्यक्षमता आणि काळाची असाधारण परिस्थिती ही कारणे सांगितली.

दंड संहितेतील दुसऱ्या उदाहरणाशी हा निष्कर्ष ताडून पाहण्यासारखा आहे. कायद्याने परवानगी दिलेल्या तारणावर कर्ज देणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही. संचालकाने कागद न वाचता सही करणे ही बेपर्वाई असते, पण न्यासभंगासाठी लागणारा अप्रामाणिक हेतू त्यातून सिद्ध होईलच असे नाही. फौजदारी कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वीच पैसा गेलेला असतो आणि बऱ्याचदा तो पोहोचूही शकत नाही. म्हणूनच जोखमीचा व्यवहार मुळात होऊ न देणारी बंधने बँकेच्या कायद्यातच असावी लागतात.

१८७६ची बंधने आणि त्यांबाहेरच्या बँका

हा धडा १८७६च्या इलाखा बँक कायद्यात उतरला. तिन्ही बँकांना एकच कायदा लागू झाला. स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्ज देणे, दीर्घ मुदतीची कर्जे देणे आणि परदेशी हुंडणावळीचा व्यवहार करणे यांवर निर्बंध आले. वैयक्तिक पतीवरील कर्जालाही मर्यादा घातली गेली. सरकारने आपले शेअर विकले आणि संचालक नेमण्याचा हक्क सोडला, पण हिशेब तपासण्याचा आणि माहिती मागविण्याचा अधिकार राखून ठेवला. भागीदार म्हणून आत बसण्याऐवजी देखरेख करणारा म्हणून बाहेर उभे राहणे सरकारने पसंत केले. या तीन बँका १९२१ मध्ये एकत्र येऊन इंपीरियल बँक ऑफ इंडिया झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिचेच रूपांतर स्टेट बँक ऑफ इंडियात झाले.

फौजदारी कायद्यातील पोकळ्याही हळूहळू भरल्या गेल्या. हिशेबाच्या वह्यांत खोट्या नोंदी करणाऱ्या कारकून किंवा नोकराला शिक्षा देणारे कलम ४७७-अ १८९५ मध्ये दंड संहितेत आले. बनावट चलनी नोटांविषयीची स्वतंत्र कलमे १८९९ मध्ये समाविष्ट झाली.

परंतु १८७६ची बंधने केवळ तीन बँकांपुरती होती. स्वदेशी चळवळीच्या काळात निघालेल्या अनेक बँकांना सामान्य कंपनी कायद्यापलीकडे फारसा लगाम नव्हता. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली व पुढील काही वर्षांत बँकांच्या पडझडीची मालिकाच लागली. हजारो लहान ठेवीदारांची पुंजी त्यात गेली. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले आणि १९४९ मध्ये बँकिंग कंपनी कायदा संमत झाला. परवाना, तपासणी आणि भांडवलाची किमान अट यांचे सर्व बँक कंपन्यांसाठीचे नियम तेव्हा कोठे एका कायद्यात आले. १९६६ पासून या कायद्याच्या तरतुदी सहकारी बँकांनाही काही फेरफारांसह लागू झाल्या.

दोन धागे एकत्र

स्वातंत्र्यानंतर हे दोन धागे क्रमाक्रमाने जवळ आले. एका विमा कंपनीचा निधी सट्ट्यासाठी वळविल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. न्यासभंगाच्या कलमातील मालमत्ता हा शब्द केवळ जंगम वस्तूंपुरता नाही आणि कंपनीचा अध्यक्षही कलम ४०९ मधील मुखत्यार ठरू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१६ मध्ये याच न्यायालयाने बँकिंग नियमन कायद्याच्या आधारे, खासगी बँकेचे अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक हेही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक आहेत, असा निर्णय दिला. बँकेची रचना ठरविणारा कायदा आणि गुन्ह्याची व्याख्या करणारा कायदा येथे एकमेकांच्या आधाराने उभे राहिले.

तिसरा आधार ठेव विम्याचा आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि महामंडळाचे काम १ जानेवारी १९६२ रोजी सुरू झाले. योगायोग असा, की दंड संहिता अमलात येऊन त्याच दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. संहितेच्या पहिल्या शतकात ठेवीदाराच्या वतीने अपराध्याला शिक्षा होऊ शकत होती, पण त्याचे पैसे परत मिळण्याची कोणतीही हमी नव्हती. आरंभी प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. १९९३ मध्ये ते एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाले.

आजच्या ठेवीदारासाठी

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा मुंबई आणि परिसरातील असंख्य ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी ताटकळत राहिले. त्या प्रकरणात फौजदारी गुन्हे नोंदले गेले, अटकाही झाल्या. मात्र ठेवीदारांचा पहिला प्रश्न आरोपींना शिक्षा केव्हा होणार हा नव्हता, पैसे केव्हा मिळणार हा होता. त्यानंतर २०२०च्या दुरुस्तीने सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१च्या दुरुस्तीने, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आल्यास विमा संरक्षणाची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. ही बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली.

नव्या न्याय संहितेत न्यासभंगाचा अपराध कलम ३१६ मध्ये आहे. साध्या न्यासभंगासाठीची शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली आहे. लोकसेवक, बँकर, व्यापारी आणि मुखत्यार यांच्यासाठी त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमान्वये जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास कायम आहे. हिशेबातील खोट्या नोंदींचा अपराध आता कलम ३४४ मध्ये आला आहे. क्रमांक बदलले, शिक्षेत काही वाढ झाली, तरी गुन्ह्याचा गाभा १८६०चाच आहे आणि त्याची मर्यादाही तीच आहे. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्यावाचून हे कलम लागू होत नाही.

म्हणून एखादी बँक अडचणीत आल्यावर केवळ कडक शिक्षेची मागणी करणे पुरेसे ठरत नाही. कर्ज कोणाला, किती आणि कोणत्या तारणावर द्यावे याचे नियम कोणी सैल केले, लेखापरीक्षणाने काय पाहिले, संचालकांनी कोणते प्रश्न विचारले, हेही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. ठेवीदाराने आपल्या बँकेला विमा संरक्षण आहे ना, याची खात्री करून घ्यावी. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील एकाच नावाच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात आणि पाच लाखांच्या मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही धरले जातात, हेही त्याने ध्यानात ठेवावे. दंडाचा कायदा नुकसान झाल्यानंतर जागा होतो. ठेवीदाराचे खरे रक्षण त्याआधी, बँकेला घातलेल्या लगामातच असते.